हिशेब जुळला, घर मात्र बिघडलं

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सलाम. मी आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार आहे. दोनेक वर्षांपूर्वी घरात मोठं आजारपण आलं आणि हातात पैसा नव्हता. तरुण संघाच्या शिबिरासाठी जमलेला निधी माझ्याकडे होता, त्यातली बरीचशी रक्कम मी वापरली. कुणाला विचारलं नाही. वहीत ‘शिबिराच्या जागेसाठी आगाऊ’ अशी नोंद केली आणि तशी पावतीही स्वतःच करून फाइलला लावली. पुढे हळूहळू सगळी रक्कम परत ठेवली आणि ‘जागेचं जमलं नाही, आगाऊ रक्कम परत आली’ असं लिहिलं. आज हिशेबात एक पैसाही कमी नाही. देवाजवळ रडून क्षमाही मागितली आहे.

तरी माझं वागणं बिघडत चाललं आहे. मुलाने परीक्षेचा निकाल लपवला, तेव्हा मी इतका संतापलो की बायकोला मध्ये पडावं लागलं. एका तरुणाने बिलं द्यायला उशीर केला, त्याला मी भर सभेत ‘हा देवाचा पैसा आहे, तुझ्या बापाचा नाही’ असं सुनावलं. घरच्या प्रार्थनेत हल्ली मी फक्त ‘आमेन’ म्हणतो. यंदा दुसऱ्या कुणाला खजिनदार करू या, असं पाळकसाहेबांनी, आमच्या धर्मगुरूंनी, सुचवलं, तर ‘सेवा सोडवत नाही’ असं सांगून मी नको म्हटलं. जे घेतलं ते फेडलं. मग पाप उरलं कुठे? आणि जुनं उकरून काढून मंडळीला ठेच का लावायची?

उत्तर : भाऊ, सलाम. पत्र लिहिलंत हे फार बरं केलंत. तुम्ही पैशांचाच विचार करताय, म्हणून तुम्हाला वाटतं की काही उरलं नाही. मला तुमच्या पत्रात ती पावती दिसते.

रक्कम परत गेली, पण पावती अजून फाइलमध्येच आहे. जी जागा कधी ठरवायची नव्हतीच, तिच्यासाठी कुणालाच न दिलेल्या पैशांची ती पावती, आणि मंडळीच्या कागदांत ती खरी म्हणून बसली आहे. पैसे घेणं त्या आजारपणातच संपलं. ते लपवणं मात्र तुम्हाला रोज नव्याने करावं लागतं. तिजोरीची किल्ली कुणाकडे द्यायची, सभेत कोणता प्रश्न निघाला की विषय बदलायचा, कुणाशी जास्त बोलायचं नाही, ही सगळी राखण तुम्ही एकट्याने करताय. माणूस असा सतत पहाऱ्यावर असला की घरच्यांच्या वाट्याला त्याचा उरलासुरला जीव येतो.

‘सेवा सोडवत नाही’ हे तुमचं वाक्य मला सर्वांत जास्त बोचलं. तुमचं सेवेवर प्रेम आहे, यात मला शंका नाही. पण त्या दिवशी पाळकसाहेबांसमोर तुम्ही भीतीने बोललात. वह्या दुसऱ्याच्या हातात गेल्या तर तो पानं उलटून पाहील, ही ती भीती. तिला तुम्ही भक्तीचे कपडे घातलेत आणि पाळकसाहेबांना ते खरे वाटले. लपवलेलं पाप ख्रिस्ती माणसाकडून हेच करवून घेतं, आणि म्हणूनच मला त्याचं फार भय वाटतं. उघड्या पापाने मंडळी सावध तरी होते. लपलेलं पाप उपासनेत पुढच्या बाकावर बसतं, मोठ्याने गातं, समित्यांवर काम करतं.

आता तुमच्या रागाबद्दल. दावीद राजाने आपला शिपाई उरीया याच्या बायकोला, बथशेबाला, घेतलं, उरीयाला लढाईत मारवलं, आणि पुढे नाथान संदेष्ट्याने त्याला त्याचं पाप दाखवलं. ही गोष्ट आपण बथशेबापासून सुरू करतो आणि नाथानापाशी संपवतो. मधले महिने कुणी फारसं वाचत नाही. नाथान आला तेव्हा बाळ जन्माला आलेलं होतं, म्हणजे दावीद बराच काळ हे पोटात घेऊन राज्य करत होता, न्याय देत होता. तो मुळात कसा माणूस होता पाहा. त्याच्या जिवावर उठलेला शौल राजा गुहेत त्याच्या हाती सापडला, दावीदाने शौलाच्या झग्याचा नुसता काठ कापला, तर तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खाऊ लागलं (१ शमुवेल २४:५). तोच दावीद उरीया मेल्याची बातमी ऐकतो. उरीया काही अनोळखी शिपाई नव्हता, दावीदाच्या सदतीस शूरवीरांच्या यादीत त्याचं नाव आहे. आणि दावीद सेनापती यवाबाला निरोप काय पाठवतो? याचं वाईट वाटून घेऊ नकोस, तलवार आज एकाला खाते, उद्या दुसऱ्याला (२ शमुवेल ११:२५). झग्याच्या काठासाठी हळहळणारं मन इतकं निबर झालं.

मग नाथान गोष्ट सांगतो : एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून कापली. दावीद भडकतो आणि निवाडा देतो : असं करणारा मरणास पात्र आहे, आणि त्याने चौपट भरून द्यावं. यातलं चौपट मोशेच्या नियमशास्त्रातलं आहे. मेंढरू चोरून कापलं तर चार मेंढरं द्यावीत, असं निर्गम २२:१ सांगतं. पण मेंढरासाठी मरण? ते नियमशास्त्रात कुठेही नाही, ते दावीदाने स्वतःचं घातलं. आपल्या पोटात जे दडवलेलं असतं, त्याची शिक्षा आपण समोरच्याला देऊन मोकळे होतो. उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात यहूदाने हेच केलं. सून तामार गरोदर आहे कळताच ‘तिला बाहेर आणा, जाळून टाका’ म्हणाला. ती त्याच्यापासूनच गरोदर होती. तिने खूण म्हणून त्याचीच मुद्रा, दोरी आणि काठी पुढे ठेवली तेव्हा कुठे तो थंड झाला.

भाऊ, तुमच्या मुलाने एक कागद लपवला. तुम्हीही एक कागद लपवला आहे. तो संताप मुलाच्या वाट्याचा नव्हता हे तुम्हालाही आतून कळलं असणार, नाहीतर तुम्ही ते मला लिहिलंच नसतं. सभेतल्या त्या तरुणाचंही तेच. योहानाच्या १२व्या अध्यायात मरीयेने प्रभूच्या पायांना सुगंधी तेल लावलं, तेव्हा हे तीनशे दीनारांना विकून गोरगरिबांना का दिलं नाही, असं प्रभूचा शिष्य यहूदा इस्कार्योत विचारतो. पुढच्याच वचनात योहान सांगतो की पैशांची थैली त्याच्याकडे असे आणि तिच्यात टाकलेलं तो काढून घेत असे. मी तुम्हाला या इस्कार्योताच्या शेजारी बसवत नाही. तुम्ही फेडलंत, त्याने फेडलं नाही. पण पैशाच्या बाबतीत तुमचा आवाज नको तिथे का चढतो, हे तिथे लख्ख दिसतं.

घरच्या प्रार्थनेत तुम्ही गप्प झालात, हे मला त्यातल्या त्यात आशेचं वाटतं. तोंडाने एक आणि मनात दुसरं असं निदान बायकोमुलांसमोर तुम्हाला जमत नाही. स्तोत्र ३२मध्ये दावीद सांगतो की तो गप्प राहिला तेव्हा त्याची हाडं झिजली, रात्रंदिवस देवाचा हात त्याच्यावर भारी होता, उन्हाळ्यात ओल आटावी तसा त्याच्यातला ओलावा आटला. तो भारी हात देवाचा होता, हे विसरू नका. देवाने तुम्हाला सोडून दिलं असतं तर तुम्ही आज मजेत असता.

‘देवाजवळ क्षमा मागितली’ असं तुम्ही लिहिता. मागितलीत, आणि आपण आपली पापे पदरी घेतो, म्हणजे कबूल करतो, तर देव विश्वसनीय व न्यायी आहे आणि तो त्यांची क्षमा करील, हे १ योहान १:९ माझ्यासाठीही आहे आणि तुमच्यासाठीही. पण पदरी नेमकं काय घेतलंत? पैसे उचलणं. खोटी नोंद मात्र तुम्ही अजून सांभाळताय. नीतिसूत्रे २८:१३मध्ये दया होते ती दोष कबूल करून सोडून देणाऱ्यावर. जे अजून चालूच आहे ते सोडलं असं कसं म्हणायचं? काही जण म्हणतात की दावीदाने तर ‘तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं’ असं म्हटलं, मग माणसांना कशाला सांगायचं? त्यांनी स्तोत्र ५१चं शीर्षक वाचावं. नाथान आला तेव्हाचं ते स्तोत्र, आणि ते मुख्य गवयाच्या हाती दिलेलं आहे. राजाची पापकबुली सगळ्या लोकांनी गायला घेतली.

तुम्ही काय करावं, ते मी सरळ सांगते. गणना ५:६-७मध्ये क्रम दिला आहे : केलेलं पाप कबूल करायचं, मग पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा, आणि तो ज्याचा अपराध केला त्याला. तुम्ही भरपाई आधी केलीत आणि कबुली वगळलीत. ती आता द्या.

आधी पत्नीला सांगा, आजच. ही गोष्ट तिला बाहेरून कळली तर तो दुसरा घाव होईल. आणि कुणाच्या आजारासाठी पैसे लागले याचा दोष कळत-नकळत तिच्यावर किंवा आजारी माणसावर जाणार नाही, याची फार काळजी घ्या. मग पाळकसाहेबांची आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांची वेळ मागा. जाताना फाइल आणि वही दोन्ही न्या, ते पान उघडा, पावती समोर ठेवा आणि किती घेतले, कधी घेतले, खोटं काय लिहिलं ते सांगा. आजारपणाचा उल्लेख त्यांनी विचारल्यावर करा. तो आधी आला की कबुलीची कैफियत होते. किल्ली तिथेच टेबलावर ठेवा आणि तुमच्या सगळ्या वर्षांचे हिशेब त्रयस्थाकडून तपासून घ्यायला स्वतःहून सांगा. नुसता राजीनामा देऊन, ‘प्रकृतीमुळे जमत नाही’ असं म्हणून बाजूला होऊ नका. त्याने आणखी एक खोटी पावती तयार होईल. तसंच साक्षीच्या वेळी उभं राहून ‘माझ्याकडून काही चुका झाल्या’ असं मोघम बोलू नका. ऐकणाऱ्यांना वाटतं भाऊ नम्र आहेत, आणि पाप होतं तिथेच राहतं. मंडळीला काय सांगायचं, किती सांगायचं, कायद्याने काही करावं लागतं का, हे वडीलजनांनी ठरवू द्या. ठरेल ते मान्य करा.

पाचव्या हिश्शाचं विचाराल तर आपण त्या नियमाखाली नाही. पण जक्कय नावाचा जकातदार, फसवून घेतलेलं कुणी न मागता चौपट द्यायला उभा राहिला, तो उद्धार विकत घ्यायला नव्हे. येशू त्याच्या घरी आला होता, म्हणून त्याचा हात सुटला. शिबिर ज्या मुलांचं होतं, त्यांच्यासाठी तुमचाही हात सुटावा, असं मला वाटतं.

त्या तरुणाचा अपमान भर सभेत झाला, तेव्हा त्याची क्षमाही भर सभेत मागायला हवी. मुलाला काय सांगायचं ते त्याचं वय बघून ठरवा, पण सांगा. ‘मी तुझ्यावर ओरडलो, कारण मीही लपवत होतो’ हे बापाच्या तोंडून ऐकलेलं मूल पुढे स्वतःहून कबूल करायला शिकतं.

तुमचं पद जाईल. काही जण उपासनेनंतर हात मिळवायचं टाळतील, एखादा पाठीमागे कुजबुजेल. हे होणार नाही असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण मंडळीला ठेच लागेल म्हणून गप्प राहायचं, हे मला पटत नाही. प्रेषित पौल यरुशलेमच्या पवित्र जनांसाठी, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांसाठी, वर्गणी नेत होता. तो एकटा गेला नाही, बरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ घेतला आणि लिहिलं की आम्ही प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे चांगलं ते करायला झटतो (२ करिंथ ८:१९-२१). पैशाजवळ कुणीच एकटं असू नये, हे त्याला कळत होतं. जाता जाता सगळ्याच मंडळ्यांना सांगते : वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे वही, किल्ली आणि सही ठेवणं हा त्या माणसावरचा विश्वास नाही, अन्याय आहे. दोन सह्या आणि दरवर्षी बाहेरची तपासणी असती, तर आजारपणाच्या त्या रात्री तुम्ही निधीकडे न वळता वडीलजनांकडे गेला असता. बहुधा त्यांनी मदतही केली असती.

प्रश्न : ताई, शाळेत असताना मी एका मैत्रिणीविषयी खोटी निनावी चिठ्ठी लिहिली होती. पुढे तिला सांगितलं, तिने मनापासून माफ केलं, आम्ही आजही मैत्रिणी आहोत. तरी मी रोज रात्री त्याच पापाची क्षमा मागते. नोकरीच्या मुलाखतीत नाकारलं गेलं की वाटतं, माझ्यात अजून काहीतरी गुप्त पाप आहे. मग आठवत बसते. झोप येत नाही. स्तोत्र १९मधल्या ‘गुप्त दोषां’ची मला भीती वाटते.

उत्तर : माझ्या लेकी, वरचं लांबलचक उत्तर तू तुझ्यासाठी वाचू नकोस, कारण तू काही लपवलेलं नाहीस. देवाला सांगितलंस, मैत्रिणीला सांगितलंस, तिने माफ केलं. याला गुप्त पाप म्हणत नाहीत.

स्तोत्र १९:१२ पुन्हा वाच. आपल्या चुका कुणाला कळतात, असं दावीद विचारतो आणि मला न कळलेल्या दोषांपासून मुक्त कर असं देवाला सांगतो. म्हणजे जे त्याला ठाऊकच नाही ते तो देवाच्या हाती देऊन मोकळा होतो. आठवत बसायचं काम तो स्वतःकडे घेत नाही. तू घेतलंस, म्हणून तुझी झोप गेली. पुढच्याच वचनात तो जाणूनबुजून केलेल्या पापांपासून राखायला सांगतो, आणि लपवण्याचा खरा धोका तिथे आहे.

मुलाखत आणि पाप यांची गाठ तू मारलीस. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही तीच गाठ मारली होती : कुणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणाला, यानेही नाही आणि त्याच्या आईबापांनीही नाही (योहान ९:३).

आज रात्री त्या चिठ्ठीसाठी क्षमा मागू नकोस. क्षमा झाली म्हणून उपकार मान आणि उशीवर डोकं ठेव. विचार परत आला तर वाद घालत बसू नकोस, १ योहान ३:२० म्हण : आपलं मन आपल्याला दोष देतं तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. इतकं करूनही विचार थांबत नसतील, तर मनाच्या डॉक्टरांना भेट. काही जणांचं मन एकाच विचारात अडकून राहतं, तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत. पाळकांनी ‘विश्वास कमी पडतो’ म्हटलं तरीही जा. मी सांगितलं म्हण.

प्रश्न : माझ्या मित्राने मला विश्वासात घेऊन सांगितलं की तो रात्री मोबाइलवर अश्लील गोष्टी पाहतो आणि सुटका होत नाही. तो संडेस्कूलमध्ये शिकवतो. ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणाला. मी गप्प राहू का?

उत्तर : एक गोष्ट सगळ्यांत आधी. तो जे पाहतो त्यात लहान मुलं असतील, किंवा तुमच्या संडेस्कूलमधल्या कुठल्याही मुलाशी त्याचं वागणं वावगं असेल, तर तुझं वचन तिथेच संपलं. त्याच दिवशी पोलिसांना आणि पाळकांना सांग. मैत्री, मंडळीचं नाव, काहीही आड येऊ देऊ नकोस. ही चौकशी त्याच्याकडे स्पष्ट शब्दांत कर, अंदाज बांधू नकोस.

तसं काही नसेल तर त्याने सांगितलेलं तुझ्यापाशीच ठेव. प्रार्थना सभेत ‘एका बंधूसाठी विनंती आहे, नाव सांगत नाही’ असंही म्हणू नकोस, लोक नाव काढतातच. याकोब ५:१६मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं आहे. त्याने पहिलं केलं, दुसरं तुझ्याकडे आलं. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी भेट. ‘कसं चाललंय’ असं विचारू नकोस, त्याला ‘बरं’ म्हणून सुटता येतं. ‘या आठवड्यात पाहिलंस का, कधी, त्याआधी काय झालं होतं’ असं विचार. रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवायला सांग. ‘हो’ असं उत्तर आलं तरी पुढच्या भेटीला तू हजर राहा. शिकवणं काही काळ थांबवावं असं मला वाटतं, पण हे पाळकांकडे जाऊन त्याने स्वतः सांगावं. एकट्याला धीर होत नसेल तर तू बरोबर जा.